डेरेकचे ओठ

डेरेकनं न मागता आमच्यासमोर शेरीचे दोन ग्लास ठेवले, तेव्हाच मला संशय आला. पबचा मालक असून हा माणूस कधी कुणाला शेंगदाणेही फुकट देत नसे. त्यात भिंतीवरचे जुने फोटो गायब झाले होते. “रंग द्यायचाय, मावशी,” म्हणाला होता. आमच्या रस्त्यावर हा एवढाच पब उरला होता. बाकीच्यांपैकी एकाचं गालिच्यांचं दुकान झालं, एकाचं नखं रंगवायचं. आता डेरेक पलीकडच्या टेबलावर एका सुटातल्या माणसाशी कुजबुजत होता. मी आणि विनीनं अख्खी हयात गिरणीत मागांवर काढली. त्या खडखडाटात शेजारणीचाही आवाज ऐकू येत नसे, म्हणून आम्ही बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलायचो. विनीची त्या दोघांकडे पाठ होती, मला मात्र त्यांची तोंडं स्वच्छ दिसत होती. “गिरणीत काढले तसेच इथेही फ्लॅट काढू,” सुटातला म्हणाला. “नाताळपर्यंत बोलू नका,” डेरेक म्हणाला. “त्या दोन म्हाताऱ्यांना तर कळूच देऊ नका.” नवरा गेल्यापासून विनी घराबाहेर पडायची ती फक्त इथं येण्यासाठी. “काय गं शिजतंय तिकडं?” तिनं विचारलं. “काही नाही. घोड्यांच्या शर्यतीचं चाललंय,” मी म्हणाले. विनी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग आवाज न काढता, नुसते ओठ हलवत तिनं विचारलं, “कधी बंद करतोय?”