आठशे मीटरची वहिवाट

काट्यांपाशी हर्षालीनं सायकल थांबवली आणि मोबाइलवरचा नकाशा पुन्हा पाहिला. येडशी स्टेशनपासून बावीस किलोमीटरमध्ये तिला एक बैलगाडी आणि दोन मोर एवढेच भेटले होते. आणखी आठशे मीटर पार केले, की जंगलाच्या कडेची मुरमाची वाट लागणार होती आणि फेरी पूर्ण होणार होती. नेमकं इथंच कुणीतरी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या.

धाराशिवात तिचा सायकलवाल्यांचा गट होता. मागच्या वर्षी महामार्गावर ट्रकनं त्यातल्या एकाला उडवलं. तो वाचला, पण ज्या वाटेवर गाड्या नाहीत तीच आपली वाट, असं हर्षालीनं तेव्हापासून ठरवून टाकलं होतं. अशी वाट हल्ली दिवा घेऊन शोधावी लागते.

"बंद हाय, ताई."

ओढ्यातून एक पन्नाशीची बाई वर येत होती. डोक्यावर सोयाबीनचं गाठोडं. सत्यभामा तिचं नाव. काट्यांच्या पलीकडं तिचं चार एकर रान होतं.

"बंद म्हणजे? आधी चालू होती?"

सत्यभामानं गाठोडं खाली टेकवलं, पदरानं घाम पुसला. "व्हती की. माझी सासू नवरी होऊन आली ती ह्याच वाटंनं, बैलगाडीत बसून. आता अकरा वर्सं झाली, समदं रान डोक्यावर वाहतेय. मळणी यंत्र यायला जागा न्हाय. ओढ्याला पानी आलं की माणूसबी जात न्हाय."

"काट्या कुणी टाकल्या?"

"हिंमतरावनी. मधलं रान त्येंचं."

हर्षालीनं उपग्रहाचं चित्र मोठं केलं. हिंमतरावांच्या रानातून एक फिकट, सरळ रेघ गेलेली दिसत होती. "हीच का?"

सत्यभामानं डोळे बारीक करून पाहिलं. "हीच."

हिंमतराव विहिरीवर सापडले. साठी ओलांडलेले आणि बोलण्याचा कंटाळा असलेले गृहस्थ. "तिथं रस्ता न्हाय. नव्हताच कधी," ते म्हणाले. हर्षालीनं रेघ दाखवली. "ती पायपलायन हाय. म्या पुरलेली."

चोराच्या उलट्या बोंबा, असं हर्षालीच्या मनात आलं. सत्यभामाचं ओझं आठवून तिला खरोखर संताप आला होता. पण फेरी पूर्ण करायची होती, म्हणून ती गोड बोलली. सायकली हलक्या असतात, रानाचं काही बिघडत नाही, पोरांना महामार्गाची भीती वाटते.

हिंमतरावांनी सायकलीचा जाड टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. "सायकली जाऊ द्या," ते शेवटी म्हणाले. "रविवारी काट्या सारून ठिवीन. पर त्येला रस्ता म्हनू नका."

रविवारमागून रविवार वीस-पंचवीस सायकली तिथून जाऊ लागल्या. उन्हं तापली तसा हिंमतरावांनी आंब्याखाली पाण्याचा माठ ठेवला. पोरं पाणी प्यायची, त्यांना काका म्हणायची. वाट मळत गेली. हर्षालीची फेरी इतकी गाजली की लातूरहून लोक यायला लागले.

मे महिन्यात सत्यभामानं तहसीलला अर्ज दिला. वहिवाटीचा रस्ता अडवला आहे, मोकळा करून मिळावा. मग ती हर्षालीकडं आली. "साक्ष द्याल का, ताई? माझ्यासारखीचं कोन ऐकतंय."

हर्षालीला जड गेलं. ज्याचं पाणी प्यायलो त्याच्याविरुद्ध उभं राहायचं. पण बाईची अकरा वर्षं माठभर पाण्यानं भरून निघत नाहीत, असं तिनं स्वतःला समजावलं.

पाहणीला आलेल्या साहेबांनी आधी मळलेली वाट पाहिली, मग हर्षालीकडं वळले. "वापर किती दिवसांचा?"

"अठ्ठावीस रविवार. प्रत्येकाची नोंद आहे." तिनं मोबाइल पुढं केला.

"आणि त्याआधी?"

"त्याआधीही होताच, सर. जुना गाडीरस्ता आहे." ती अशा ठामपणे बोलली की ती बैलगाडी जणू तिनं स्वतः पाहिली होती. गटातल्या चौदा जणांनी पंचनाम्यावर सह्या केल्या.

"सायेब," हिंमतराव म्हणाले, "सायकलीवर पोरं येत्यात म्हनून म्या काट्या काढल्या."

"म्हणजे वाट आहे, हे तुम्हाला मान्य आहे."

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. हिंमतरावांना तर स्वतःचे आंबेही विकता येईनात.

बारा फुटांचा रस्ता मोकळा करण्याचा आदेश झाला. त्यात हिंमतरावांची सीताफळांची एक अख्खी ओळ गेली. ती त्यांनी स्वतःच तोडली. पुढच्या रविवारी आंब्याखाली माठ नव्हता. हर्षालीनं त्यांना हात केला, तर त्यांनी मान फिरवली. तिला वाईट वाटलं, पण अपराधी नाही.

दसऱ्याच्या सुमाराला त्या वाटेनं पहिला ट्रॅक्टर गेला, मागं मळणी यंत्र. आता ही वाट बिनगाड्यांची राहिली नव्हती, पण हर्षालीला त्याचं काही वाटलं नाही. सत्यभामाच्या रानात सोयाबीनची रास पडत होती आणि सत्यभामा त्या राशीकडं बघत उगाचच रडत होती. हर्षालीचेही डोळे भरून आले. आयुष्यात आपण एक काम तरी धड केलं, असं तिला वाटलं.

चहा पिताना तिनं पिशवीतून कोरी पाटी आणि रंगाचा डबा काढला. "मावशी, वाटेच्या तोंडाला पाटी लावायची आहे. तुमच्या सासूबाईंच्या वेळी काय म्हणायचे या रस्त्याला? तेच जुनं नाव घालू."

सत्यभामानं तिच्या कपात आणखी चहा ओतला. तिच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"तुमचंच नाव घाला, ताई. तुमच्या सायकली यायच्या आधी हितं रस्ता व्हता कुठं?"