गुलाबी गल्ली

लंडनमधली कुठली गल्ली कंगाल आणि कुठली खाऊनपिऊन सुखी, हे नकाशावर रंगवायला उद्या साहेब येणार, अशी खबर आली. कंगालांना काळा रंग, बऱ्या परिस्थितीतल्यांना गुलाबी.

"आपली गल्ली काळी? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही! चला गं, उठा!" विधवा डॉर्कसनं सगळ्या बायकांना कामाला जुंपलं. प्रत्येकीनं दाराची पायरी पांढऱ्या दगडानं घासून लख्ख केली. डॉर्कसनं तर आपल्या खोकणाऱ्या पोरीच्या अंगावरची चादर काढून खिडकीला पडदा लावला.

साहेबानं पायऱ्या पाहिल्या, पडदा पाहिला आणि खूश होऊन गल्ली गुलाबी रंगवली.

डिसेंबरच्या कडाक्यात धर्मादाय मंडळानं कोळसा वाटायला काढला. रांगेत डॉर्कसचा नंबर आला, तेव्हा मंडळाच्या बाईंनी नकाशावर बोट ठेवलं.

"अहो, तुमची गल्ली तर गुलाबी! कोळसा फक्त काळ्या गल्ल्यांना. गरिबांच्या तोंडचा घास हिरावताना लाज नाही वाटत?"



दुसऱ्या दिवशी सकाळी डॉर्कस गुडघ्यांवर बसून त्याच पायरीला चिखल फासत होती. आत पोरीचा खोकला कायमचा थांबला होता.