ते मला सांग

“दॉन-ल-म्वा,” कुंदाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या यजमानांनी मुकाट्याने रिकामा पेला त्यांच्या हातात दिला.

जन्मभर कॉलेजात फ्रेंच शिकवलेल्या सरांची मराठी अर्धांगाच्या झटक्यात पार पुसली गेली होती. उरली होती फक्त फ्रेंच, आणि कुंदाताईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी सरांच्या एका विद्यार्थिनीने कुंदाताईंकडून रोजचे हुकूम तेवढे फ्रेंचमध्ये घोटून घेतले: ते मला दे, हे पिऊन टाक, ते मला सांग. “काकू, तिकडे नवऱ्याला तूच म्हणतात हं,” असं ती म्हणाली, तेव्हा लग्नापासून ‘अहो’ म्हणत आलेल्या कुंदाताई चक्क लाजल्या होत्या.

आज पेला दिल्यावर सरांनी त्यांचा हात धरूनच ठेवला. डोळे भरून आले आणि ते बोलू लागले. लांबलचक, सावकाश, अगदी अजिजीने. कुंदाताईंनी जिवाचे कान केले, पण शिकलेला एकही शब्द त्यात सापडेना.

“दी-ल-म्वा,” त्या कळवळून म्हणाल्या. ते मला सांग.

सरांनी डोळे पुसले, आणि मागच्या बाकावरच्या मुलांना समजवावं तसं, एकेक शब्द सुटा करून, तेच सगळं पुन्हा फ्रेंचमध्ये सांगितलं.