चौदा हजार पावलं

शाळेत पावलं मोजणारे मनगटी पट्टे वाटून महिना झाला होता. आठवीतल्या सुगंधा भोयेची रोज चौदा हजार पावलं भरली, म्हणून पट्टे देणाऱ्या संस्थेचे साहेब कॅमेरा घेऊन थेट वर्गात आले.

“बाळ, पट्टा बांधल्यापासून चालायची गोडी लागली ना?” त्यांनी विचारलं.

“नाही साहेब. पाड्यावरची एसटी बंद झाली, तेव्हापासून चालते.”

वर्ग हसला. मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. साहेब कॅमेरावाल्याला म्हणाले, “एवढं कापून टाक. पोरगी घाबरली आहे. पुन्हा घेऊ.”

सुगंधाने त्यांच्या चकचकीत बुटांपासून वरपर्यंत एकदा पाहिलं. मग पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि माइक जवळ ओढून तेच पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्याने, पाड्याचं नाव घेऊन.