कापसाचा काटा

सुट्टी संपवून मस्कतला परतण्याआधी दरवर्षी मितालीच्या बॅगेचं वजन मुकुटबनला सासरी कापूस मोजायच्या काट्यावर व्हायचं. यंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला. काटा नुसताच आढ्याला लटकत होता. “आन वं बाई बॅग. डाळ, कुरड्या भरल्या नं? इमानवाले किलोभरही जास्त सोडत नाही,” सासरे म्हणाले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ‘मीच सांगतो बाबांना’ म्हणणारा तो नखं कुरतडत होता. तिनं बॅग आकड्याला लावली. काटा जेमतेम हलला. “रिकामी काहून?” “यांची नोकरी गेली, मामाजी. आता आम्ही इथंच.” स्वतःचाच आवाज तिला शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला. सासऱ्यांनी बॅग माळ्यावर टाकली आणि आकड्याला धोतराची झोळी बांधून नातीला आत बसवलं. “पाहू, इथलं खाऊन किती वाढते.” पोरगी खिदळत झुलू लागली. मितालीची नजर झोळीच्या गाठीवरून हलेना.