बारा तिमाह्या

"तुमच्या नावाने कर भरलेल्या अठ्ठावीसच तिमाह्या आहेत, व्हर्नाबाई. स्वतःच्या सरकारी पेन्शनला चाळीस लागतात," करसल्लागार टेसा म्हणाली. बारा कमी, म्हणजे तीन वर्षं. व्हर्ना तो हिशेब घरूनच करून आली होती.

त्या अठ्ठावीस लग्नाआधीच्या, शाळेच्या स्वयंपाकघरात राबून मिळवलेल्या. पुढची एकतीस वर्षं ती आणि तिचा नवरा ऑरिन शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणांची मुंडकी भिंतीवर टांगण्याजोगी करून देत होते. कराच्या विवरणपत्रात मात्र धंदा एकट्या ऑरिनचा. स्वयंरोजगाराचा कर त्याच्या नावावर, म्हणून त्या करातून मिळणारं म्हातारपणाचं पेन्शनही. अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या त्या टोकाला दुकानवाली सगळी जोडपी असंच करत आली होती. व्हर्नाही दर वर्षी न वाचता सही ठोकत होती.

टेसाने सांगितलं, मागची तीनच वर्षं दुरुस्त करता येतील. धंदा दोघांत वाटायचा आणि व्हर्नाच्या वाट्याचा कर ऑरिनऐवजी तिच्या नावावर दाखवायचा. पण तेवढी कात्री ऑरिनच्या पेन्शनला लागेल आणि त्याच्या सहीशिवाय कागद हलणार नाही.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या ऑरिनने टोपी मांडीवर उलटी केली, सुलटी केली. "बायको म्हणून माझ्या पेन्शनातलं अर्धं तुला तसंही मिळणारच आहे की."

"तुझ्यातलं नकोय मला. माझं हवंय."

आवाज जराही चढला नव्हता, आणि त्यानेच ऑरिन हबकला. चिडलेल्या बायकोची समजूत घालता येते. ठरवून आलेल्या बायकोपुढे काय डोंबल बोलणार!

वाटा किती धरायचा, दुकानात कोण काय करतं, असं टेसाने विचारलं. ऑरिन तोऱ्यात सांगत सुटला. सोलणं त्याचं, कातडं कमावणं त्याचं, साच्यावर ताणून शिवणं त्याचं, गिऱ्हाइकांशी घासाघीसही त्याचीच. टेसा लिहीत गेली. व्हर्ना खिडकीबाहेर बघत होती.

सांगता सांगता ऑरिन अडखळला. गेल्या हिवाळ्यात ही तापाने फणफणली होती, तेव्हा एका हरणाचे काचेचे डोळे त्याने स्वतः बसवले होते. हरीण ठार तिरळं झालं. गिऱ्हाईक पोट धरून हसलं आणि पैसे न देता गेलं.

त्याने पेन उचललं.

"निम्मं लिही, टेसा," तो म्हणाला. "कातडं मी ताणतो. पण हरीण बघतं ते हिच्यामुळे."