कासारणीचा आशीर्वाद

“हळू की गं पद्माक्का! हात आहे, उसाचं कांडं नव्हे,” नवरीची आई कुरकुरली.

“सुखानं तळवा भरलाय, वहिनीसाहेब,” म्हणत पद्माक्कानं आणखी एक हिरवी बांगडी वर चढवली.

भर चौकातल्या नव्या हॉटेलात पहिलंच लग्न होतं, तेही मालकाच्या लेकीचं. पूर्वी इथं कासार गल्ली होती. ती जळाली तेव्हा पद्माक्काच्या दुकानातल्या बांगड्यांचा वितळून गोळा झाला. राख निवते न निवते तोच पायाची खोदाई सुरू झाली. तरी सारं गाव शॉर्टसर्किटच म्हणायचं.

बांगड्या भरून झाल्यावर कासारणीच्या पाया पडायची रीत. नवरी वाकली. पद्माक्कानं तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, “अखंड सौभाग्यवती हो, बाळ.”

मग आई वाकली. आशीर्वाद येईना. जमलेल्या बायका आपापल्या बांगड्या न्याहाळू लागल्या.

“अक्का, दे की आशीर्वाद. कंबर धरली माझी.”

“नवऱ्याला आयुष्य मागायचा आशीर्वाद असतो तो, वहिनीसाहेब,” पद्माक्का बांगड्यांची पेटी मिटत म्हणाली. “तुमच्या मालकांसाठी जीभ रेटत नाही. आमची गल्ली त्यांनीच पेटवली.”